सेनासनवत्त आणि ग्रंथांचा कुबट वास

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील मल्लिकार्जुन मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती यांमुळे. शतकानुशतके ऊनपाऊस सोसून हे दगड उभे आहेत आणि त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. परंतु अशा प्रत्येक गावाला आणखी एक इतिहास असतो. तो दगडाचा नसून कागदाचा असतो, आणि त्याचे स्थान वस्तीतील एखाद्या घराचा माळा किंवा खाटेखालची पत्र्याची पेटी हे असते. ‘जनता’ पत्राचे जीर्ण अंक, ‘प्रबुद्ध भारत’, जयंतीच्या स्मरणिका, जलशातील पदांच्या हस्तलिखित वह्या, वंदनेच्या पुस्तिका असा तो ऐवज होय. ही पेटी उघडली असता प्रथम भेटतो तो कुबट वास.

या वासाचा विचार इतिहासाच्या दृष्टीने कोणी फारसा केलेला नाही. आम्हांस मात्र तो करणे अगत्याचे वाटते. ज्या आजोबांनी अंक जपले ते निवर्ततात, घराची डागडुजी निघते, पेटी अंगणात येते, आणि नाकाला पदर लावून घरातील मंडळी निर्णय देतात की हे सारे कुजले आहे. मग रद्दीवाल्याचा काटा येतो. वस्तुतः त्या पेटीतील बहुतेक कागद कुजलेला नसतो. तो केवळ ओल धरून असतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’. या पत्रांचे अंक मोठ्या ग्रंथालयांनी त्या काळी आवर्जून संग्रहित केले असे नाही. जे उरले ते पुष्कळसे सामान्य माणसांच्या घरांत उरले. तेव्हा घरातील एका वासावरून होणारा निवाडा हा आपल्या इतिहासाच्या साधनांचा निवाडा असतो.

वास कशाचा, हे प्रथम पाहू. जुन्या पुस्तकाला दोन निरनिराळे वास येतात आणि त्यांची गल्लत होते. एक किंचित गोडसर, आंबूस असा असतो. तो कागदाच्या स्वतःच्या जीर्णतेचा. वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो, त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते. असा कागद हळूहळू विघटित होताना व्हॅनिलिन, फरफ्युरल, ॲसिटिक आम्ल अशी बाष्पे सुटतात. २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मातिया स्टर्लिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाष्पांवरून कागदाची अवस्था ओळखता येते, असे दाखवून दिले. हा वास घालविता येत नाही, आणि त्याची फारशी आवश्यकताही नाही. दुसरा वास ओलसर, मातकट, घशाशी येणारा. तो बुरशीचा व तत्सम सूक्ष्मजीवांचा होय. त्यातील जिओस्मिन हे द्रव्य पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या मृद्गंधातही असते. शेतात जो वास हवाहवासा वाटतो तोच पेटीत भयसूचक ठरतो, कारण तेथे तो सांगत असतो की ओल आत आली आहे आणि अद्याप गेलेली नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही काळ टिकली की कागदावर, खळीवर व बांधणीच्या कापडावर बुरशी वाढू लागते. म्हणून वासावर उपाय करावयाचा म्हणजे ओलीवर उपाय करावयाचा.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष विनयपिटकाकडे वेधू इच्छितो. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात भिक्खूंच्या नित्य कर्तव्यांचे वर्णन आहे, त्यात सेनासनवत्त, म्हणजे निवासस्थान व शयनासन यांची निगा, हा एक भाग आहे. तथागतांच्या काळी ग्रंथ लिहिले जात नव्हते. धम्म मुखोद्गत होता. म्हणून तेथे पुस्तकांचा उल्लेख असणे शक्य नाही. परंतु ओलीशी कसे वागावे, हे तेथे इतक्या बारकाईने सांगितले आहे की आजच्या ग्रंथपालाने ते आधी वाचावे, असे आम्हांस वाटते. विहार झाडण्यापूर्वी पात्र, चीवर, चटई, गादी, उशी, मंच क्रमाने बाहेर काढावे. जळमटे छताकडून काढण्यास आरंभ करावा. गेरूने रंगविलेल्या भिंतीवर डाग धरले असतील तर कापड भिजवून, पिळून, मग पुसावे. ओलेच फिरवू नये. अंथरूण उन्हात घालून, स्वच्छ करून, झटकून, परत आणून पूर्वी होते तसेच मांडावे. धुळीचा वारा ज्या दिशेने वाहत असेल त्या दिशेची खिडकी लावावी. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्या व रात्री लावाव्या. उन्हाळ्यात दिवसा लावाव्या व रात्री उघडाव्या. या शेवटच्या नियमात हवेचा जो विचार आहे तो केवळ शिस्तीचा नव्हे, निरीक्षणाचा आहे. डाग धरलेल्या भिंतीसाठी पालीत ‘कण्णकिता’ असा स्वतंत्र शब्द योजिला आहे, यावरूनही ही गोष्ट किती नित्याची होती हे ध्यानात येते.

पुढे इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, राजा वट्टगामणीच्या काळी, त्रिपिटक लिपिबद्ध झाले आणि ही निगा ग्रंथांनाही लागू झाली. पूर्वेकडील बौद्ध देशांनी ती विलक्षण निष्ठेने पाळली. जपानमधील नारा येथे तोदाइजी विहाराचे आठव्या शतकातील शोसोइन हे भांडार आहे. तेथील वस्तू आता नव्या कोठारांत असल्या तरी दरवर्षी शरद ऋतूत मोहर काढून भांडार उघडण्याची व वस्तू तपासण्याची प्रथा चालू आहे. कोरियातील हाएइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८१,२५८ लाकडी ठसे आहेत. त्यांच्या कोठाराच्या खिडक्या पुढच्या व मागच्या भिंतीत, वर आणि खाली, मुद्दाम वेगवेगळ्या आकाराच्या ठेवल्या आहेत, जेणेकरून वारा आत शिरून संपूर्ण दालनात फिरून बाहेर पडावा. जमिनीत कोळसा, मीठ व चुना यांचा थर आहे. तो ओल शोषतो. विसाव्या शतकात आधुनिक इमारत बांधून काही ठसे तेथे हलवून पाहिले तेव्हा त्यांवर बुरशी दिसू लागली आणि तो बेत सोडावा लागला. यंत्रापेक्षा खिडकी श्रेष्ठ, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. पण खिडकीचे शास्त्र यंत्राइतकेच खरे आहे.

आपल्या प्रांतात काय झाले? भाजे, कार्ले, जुन्नर ही लेणी पुणे जिल्ह्यातच आहेत. त्यांच्या भिंतींवर दात्यांची नावे अजून वाचता येतात. तेथे राहणाऱ्या भिक्खूंनी वापरलेली पोथी मात्र आपल्या हाती आलेली नाही. भारतीय बौद्ध ग्रंथांच्या प्राचीन प्रती मिळाल्या त्या गिलगिटला, नेपाळात, तिबेटात, मध्य आशियाच्या वाळवंटात, म्हणजे जेथे हवा थंड किंवा कोरडी होती अथवा जेथे विहारपरंपरा अखंड राहिली तेथे. सह्याद्रीच्या पावसात, संघ उठून गेल्यावर, ताडपत्राला उन्हे दाखविणारे कोणी उरले नाही.

अर्वाचीन काळातही आपण हे अनुभवले आहे. ज्या महापुरुषाने ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्यांची १९१७ साली लंडनहून पाठविलेली पुस्तके महायुद्धात जहाज बुडाल्याने समुद्रात गेली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते न्यायालयीन व शासकीय ताब्यात पेट्यांत बंद राहिली. १८ सप्टेंबर १९८१ रोजी त्या पेट्या महाराष्ट्र शासनाच्या वतीने वसंत मून यांनी ताब्यात घेतल्या. पंचवीस वर्षांचा हा काळ. पुढे १९८७ साली ग्रंथमालेचे तिसरे व चौथे खंड निघाले तेव्हा कित्येक प्रकरणे अपूर्ण, पाने गहाळ, क्रम तुटलेला, अशा अवस्थेत जशी होती तशी छापावी लागली. पेटी बंद ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या उदाहरणाने सांगावे?

आता पुन्हा लोणी भापकरच्या परिसराकडे वळू. हा बारामती तालुक्याचा जिरायती भाग. वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. येथे कागदाला ओल लागेल असे कोणास वाटत नाही, आणि म्हणूनच दक्षता घेतली जात नाही. परंतु माती-दगडाच्या भिंती जमिनीतून ओल ओढतात, पत्र्याची पेटी रात्री गार पडून तिच्या आतल्या अंगाला दव धरते, आणि जो थोडा पाऊस पडतो त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात पडतो. त्यामुळे वर्षावास संपताच पेट्या उघडण्याची घाई येथे करू नये. कार्तिक-मार्गशीर्षात कोरडी हवा सुटते, तो काळ उत्तम.

पेटी घराबाहेर उघडावी, तोंडाला फडके बांधावे. बुरशीची धूळ श्वासावाटे जाणे वाईट; दम्याच्या माणसाने हे काम करूच नये. ज्या पुस्तकांवर पांढरी वा हिरवट बुरशी दिसते ती वेगळी काढावी, पूर्ण सुकू द्यावी आणि मगच मऊ कुंचल्याने झाडावी. ओली बुरशी पुसली तर ती कागदात मुरते. पुस्तके उभी करून पाने पंख्यासारखी सैल उघडावी व वाहत्या हवेच्या सावलीत ठेवावी. पोथ्यांना ऊन दाखविण्याची आपली रूढी निम्मी बरोबर आहे. अंथरुणाला ऊन मानवते, वर्तमानपत्री कागद मात्र प्रखर उन्हाने पिवळा पडून ठिसूळ होतो. कागदाला हवी असते ती हवा.

एवढ्याने वास न गेल्यास झाकणाचा मोठा डबा घ्यावा. तळाशी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा किंवा लोणारी कोळशाचे तुकडे ठेवावे, वर जाळी किंवा पट्ट्या टाकून त्यांवर कोरडी पुस्तके उभी ठेवावी. सोडा पानांवर भुरभुरू नये. तो शिवणीत अडकतो. आठवड्याने वाटी बदलावी. कधी एका आठवड्यात भागते, कधी महिना लागतो. अत्तर, उदबत्तीचा धूर, कापूर यांनी वास झाकला जातो, ओल तशीच राहते. डांबरगोळ्यांचा मोह तर सर्वत्र आहे. त्या कसरीला दूर ठेवतात, बुरशीचे काही बिघडवीत नाहीत, आणि त्यांचा स्वतःचा वास पुस्तकातून वर्षानुवर्षे निघत नाही. वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा पाला हेही किडीसाठी आहेत. वासासाठी त्यांवर विसंबू नये.

परत ठेवताना पेटी जमिनीपासून विटांवर उचलावी आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी. ज्या विहारात कपाट आहे तेथे कपाटाच्या मागच्या फळीला भोके पाडावी, आणि खिडक्यांचा नियम चुल्लवग्गातला पाळावा. त्यात बदल करण्याजोगे आम्हांस काही आढळले नाही.

‘जनता’सारख्या पत्रांचे काही अंक घडीवर हात लावताच तुटतात. त्यांना हवा देण्याचा खटाटोप आधी करू नये. घडी न उलगडता सपाट पुठ्ठ्यावर घ्यावे, जेवढे पान दिसते तेवढ्याचे छायाचित्र प्रथम काढावे, आणि अंक कोणत्या गावातून, कोणत्या साली, कोणाच्या पेटीतून मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्यासोबत ठेवावे. शाई ओलीने पसरते, पेन्सिल पसरत नाही.