सायकलच्या तारांनी तोललेला वारा

१/ ऑगस्ट १९०१. किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे बंधू निराश होऊन डेटनला परतत होते. त्यांच्या नव्या ग्लायडरला हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली होती. आणखी पन्नास वर्षे तरी माणूस उडणार नाही, असे विल्बरने धाकट्या भावाला बोलून दाखवले.

२/ हा हिशेब जर्मन संशोधक ओटो लिलिएन्थाल याच्या कोष्टकांवर बेतलेला होता. ग्लायडरच्याच अपघातात १८९६ मध्ये त्याचा मृत्यू झाला होता. त्याचे आकडे तपासायचे, तर प्रयोगशाळा हवी. राइट बंधूंपाशी होते सायकलचे दुकान.

३/ त्यांनी एका सायकलच्या हँडलपुढे सुटे चाक आडवे बसवले. ते मोकळे फिरत असे. त्याच्या कडेवर एके ठिकाणी छोटा वक्र पंख, दुसरीकडे सपाट पत्रा. सायकल वेगाने चालवली की वारा दोहोंना विरुद्ध दिशांनी ढकली. कोष्टकांप्रमाणे पंख ५ अंश कलल्यावर चाक स्थिर राहायला हवे होते. प्रत्यक्षात १८ अंश लागले.

४/ मग त्यांनी सहा फूट लांबीचा लाकडी वातबोगदा बांधला. आतले तराजू घडवले ते लोखंड कापण्याच्या करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकाच्या तारा जोडून. पंखाची उचल आणि सपाट पट्ट्यांवरील वाऱ्याचा रेटा यांची तुलना त्यावर होई. दोहोंवर वारा एकच असल्याने त्याचा वेग थोडा बदलला, तरी गुणोत्तर बिघडत नसे.

५/ वर्षअखेरीपर्यंत सुमारे २०० आकारांचे पंख तपासून झाले. लिलिएन्थालची कोष्टके बव्हंशी बरोबर निघाली. खरा दोष होता अठराव्या शतकापासून चालत आलेल्या हवेच्या दाबाच्या गुणांकात. सर्वमान्य आकडा ०.००५ होता; खरा ०.००३३ च्या आसपास. लांब व अरुंद पंख अधिक सरस, हेही येथेच सिद्ध झाले. त्याच आकड्यांवर बेतलेले १९०२ चे ग्लायडर अपेक्षेप्रमाणे तरंगले.

६/ याच काळात सॅम्युएल लँग्ली या नामवंत शास्त्रज्ञाला अमेरिकी युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. ८ डिसेंबर १९०३ रोजी त्याचे विमान उड्डाण करता करताच पोटोमॅक नदीत कोसळले.

७/ नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकजवळ राइट बंधूंचे विमान रुळावर उभे राहिले. इंजिनाची शक्ती पंख्यांपर्यंत नेणारी रचना सायकलसारखीच, दातेरी चक्रे आणि साखळ्यांची. विमानाखालचा गाडा सायकलच्या हबांवर घरंगळत होता. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे.

८/ ते दुकान १९३७ मध्ये हेन्री फोर्डने मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे हलवले. तेथे ते आजही उभे आहे.