'१२०२' : चंद्राच्या दारात जागा संपली तेव्हा

२० जुलै १९६९. अपोलो ११ मोहिमेचे 'ईगल' चंद्रावर उतरत असताना संगणकाने '१२०२' हा इशारा दिला. संगणक बिघडला, असे आजही लिहिले जाते. खरे तर नव्या कामाला स्मृतीत जागा उरली नव्हती.

बदलत्या नोंदींसाठी तेथे जेमतेम चार किलोबाइट जागा होती. हॅल लेनिंग यांनी रचलेली 'एक्झिक्युटिव्ह' ही कार्यप्रणाली त्यातून प्रत्येक कामाला एक छोटा कप्पा देई. काम संपले की कप्पा मोकळा होई. त्या दिवशी मुख्य यानाचा माग घेणाऱ्या रडारचे निरर्थक संकेत संगणकाचा वेळ खात होते. जुनी कामे संपेनात, नवी येतच राहिली आणि कप्पे भरले.

मग प्रणालीने सगळीच कामे टाकून दिली! क्षणार्धात ती नव्याने सुरू झाली. यानाचे मार्गदर्शन आणि इंजिनाचे नियंत्रण तिने आधी नोंदवलेल्या टप्प्यापासून पुन्हा हाती घेतले. ऑल्ड्रिन यांनी पटलावर मागितलेले आकडे मात्र गळाले.

ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन यांच्याजवळ अशा इशाऱ्यांची हस्तलिखित यादी होती. त्यांच्या सल्ल्यावरून स्टीव्ह बेल्स यांनी उतरण चालू ठेवण्यास संमती दिली. असे इशारे पाच वेळा आले आणि पाचही वेळा प्रणालीने हाच उपाय केला.