रेबीज-संशयित प्राण्याचा नमुना तपासणीस पाठवणे

रेबीजची लक्षणे दाखवून मेलेल्या, किंवा माणसाला चावल्यानंतर थोड्याच दिवसांत दगावलेल्या प्राण्याच्या मेंदूचा भाग काढून निदानासाठी प्रयोगशाळेकडे सोपवण्याची पद्धत. काम पशुवैद्यकाचे असले तरी तिचा खरा उपयोग माणसांना होतो. प्राणी पिसाळलेला होता की नाही, हे कळले की त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाच्या उपचाराला दिशा मिळते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण बहुधा वाचत नाही, त्यामुळे हे कळण्याला फार मोल आहे.

मेंदूच का : चाव्यातून शिरलेला विषाणू चेतातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो, तिथे वाढतो आणि मग चेतातंतूंमधूनच लाळग्रंथींत उतरतो. लाळेत विषाणू असेल तर मेंदूत तो आधीच पोचलेला असतो. उलट, नीट घेतलेल्या मेंदूच्या नमुन्यात तो सापडला नाही, तर त्या प्राण्याच्या चाव्यातून रेबीज होण्याचा धोका नव्हता असे मानता येते. लाळेत विषाणू सतत सापडत नाही आणि रक्तातील प्रतिपिंडे उशिरा दिसतात. म्हणून जिवंत प्राण्याच्या तपासणीवर विसंबता येत नाही.

कोणता प्राणी पाठवायचा : माणसांतील सुमारे 99 टक्के रेबीज कुत्र्यांपासून होतो, म्हणून नमुन्यांत कुत्रे सर्वांत जास्त असतात. मांजर, गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोल्हा, मुंगूस यांचेही नमुने घेतले जातात. वटवाघूळ मिळाल्यास ते अख्खेच पाठवतात. उंदीर, खार यांच्यात रेबीज क्वचितच आढळतो. एरवी भित्रे असलेले रानातले जनावर दिवसाढवळ्या वस्तीत शिरून चावले, तर त्याचा नमुना टाळू नये.

जनावरांच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. गाय किंवा म्हैस खाणे सोडते, तोंडातून लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही. ‘घशात काहीतरी अडकले’ असे समजून मालक तिच्या तोंडात हात घालतो. कधी तपासणारी व्यक्तीही तेच करते. हा घशाचा पक्षाघात असू शकतो, आणि हातावरच्या बारीक चिरेतूनही लाळेतला विषाणू शिरू शकतो. असे जनावर मेले की गावात दुधाची भीती पसरते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही; लाळेशी संपर्क आलेल्यांना मात्र लस लागते. निदान हाती असेल तर खरा धोका कोणाला आहे, हे नावानिशी ठरवता येते.

दहा दिवसांचे निरीक्षण : चावलेला कुत्रा किंवा मांजर जिवंत असेल तर त्याला मारू नये, कोंडून 10 दिवस नजरेखाली ठेवावे. चावण्याच्या वेळी लाळेत विषाणू असेल तर या मुदतीत तो प्राणी आजारी पडतो आणि मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. हा नियम गुरांना वा रानटी प्राण्यांना लागू नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार रेबीजची दाट शक्यता दिसणाऱ्या भटक्या कुत्र्याला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळे ठेवले जाते. तो मेला की नमुना घेण्याची वेळ येते. बहुतेक वेळा पुरावा इथेच हातचा जातो, कारण घाईघाईने खड्डा खणून कुत्रा पुरला जातो. काठीने किंवा दगडाने डोके ठेचलेल्या कुत्र्याचा मेंदूही तपासणीच्या कामाचा राहत नाही.

नमुना घेणे : हे काम आधीच प्रतिबंधक लस घेतलेल्या, प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. जाड हातमोजे, मुखपट्टी, डोळे झाकणारा चष्मा आणि अंगरखा आवश्यक असतो. विजेच्या करवतीने कवटी कापू नये, कारण तिच्यामुळे मेंदूचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात.

तपासणीला मस्तिष्कस्तंभाचा आडवा, पूर्ण छेद आणि लहान मेंदूचा भाग लागतो. मोठ्या जनावरांत विषाणू कधी मस्तिष्कस्तंभाच्या एकाच बाजूला असतो. अर्धाच तुकडा घेतला आणि तो निरोगी बाजूचा निघाला, तर उत्तर चुकते आणि चावा बसलेल्या माणसाला खोटा दिलासा मिळतो. म्हणून दोन्ही बाजू आल्याच पाहिजेत.

कवटी न फोडता नमुना घेण्याची रीत क्षेत्रीय कामात फार उपयोगी पडते. डोके मानेच्या पहिल्या मणक्यापाशी वेगळे केले की कवटीच्या मागे, मज्जारज्जू बाहेर पडतो ते मोठे छिद्र दिसते. त्यातून साधारण 5 मिमी व्यासाची प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने, फिरवत फिरवत आत सरकवतात. बाहेर काढल्यावर नळीत मस्तिष्कस्तंभ, लहान मेंदूचा तळ आणि पुढचे भाग एकामागोमाग आलेले असतात. नळी दाबून ते बाटलीत उतरवले की काम झाले. गावाच्या कडेला, झाडाखालीसुद्धा हे काही मिनिटांत होऊ शकते.

जपणूक आणि पाठवणी : नमुना थंड ठेवावा, सुमारे 4 अंश सेल्सिअसला. गोठवला तर तो निरुपयोगी होत नाही, पण पुन्हा पुन्हा गोठवून वितळवल्याने खराब होतो. शवविच्छेदनाच्या सवयीने फॉर्मॅलिनमध्ये बुडवणे ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे नेहमीची तपासणी करता येत नाही आणि निदान लांबते. थंडाव्याची सोय नसेल तर निम्मे ग्लिसरीन आणि निम्मे सलाइन अशा मिश्रणात नमुना टिकतो.

बांधणी तिहेरी असते. घट्ट झाकणाची बाटली, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस आणि न गळणारी दुसरी पिशवी, त्यावर बाहेरचा टणक डबा. थंडावा देणाऱ्या आइस पॅकच्या पिशव्या दुसऱ्या आणि बाहेरच्या वेष्टनाच्या मध्ये ठेवतात. सोबतचा कागद वेगळ्या पिशवीत, कोरडा हवा. त्यावर प्राण्याची जात, वय, लसीकरण, लक्षणे, मृत्यूची तारीख, गाव आणि मालकाचा फोन नंबर लिहावा. चावा किंवा लाळेचा संपर्क झालेल्या सर्व माणसांची नोंद त्यावर असलीच पाहिजे; ती नसेल तर निदान योग्य माणसांपर्यंत पोचत नाही.

तपासणी : इटलीतील आदेल्की नेग्री यांनी 1903 मध्ये बाधित चेतापेशींत दिसणाऱ्या कणांचे वर्णन केले; ते ‘नेग्री पिंड’ म्हणून ओळखले जातात. अनेक बाधित मेंदूंत ते दिसतच नाहीत, म्हणून ते न दिसण्याला पुरावा मानत नाहीत. गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी 1958 मध्ये रेबीजसाठी प्रदीप्त प्रतिपिंड चाचणी मांडली आणि ती पुढे जगभर प्रमाण ठरली. काचपट्टीवर मेंदूचा ठसा घेतात, थंड ॲसिटोनमध्ये स्थिर करतात आणि त्यावर प्रदीप्त रंग जोडलेली प्रतिपिंडे टाकतात. विषाणू असेल तर खास सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर कच्च्या सफरचंदासारखे हिरवे ठिपके चमकतात. नमुना पोचल्यावर काही तासांत निदान होऊ शकते. खात्रीसाठी पीसीआर चाचणीही वापरतात. जागेवरच वापरायच्या झटपट पट्ट्या पूर्वसूचना देतात, पण पट्टीवर रेघ उमटली नाही म्हणून रेबीज नाही असे मानता येत नाही. कुजलेल्या नमुन्यात विषाणू सापडला तर निदान पक्के असते. सापडला नाही तर ‘नमुना अयोग्य’ असाच अहवाल द्यावा लागतो.

तपासणी आणि उपचार : अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. साबण विषाणूचे स्निग्ध आवरण मोडतो. लस त्याच दिवशी सुरू करावी आणि खोल जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे. विश्वसनीय प्रयोगशाळेने रेबीज नसल्याचे सांगितल्यास पुढचे डोस थांबवायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

महाराष्ट्र, गोवा आणि देश : महाराष्ट्रात संशयित प्राण्याची खबर जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्याला द्यावी. पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंध येथे आहे. बंगळूरची निम्हान्स ही संस्था रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे.

गोव्यात मिशन रेबीज आणि राज्य शासन यांनी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांतील शिक्षण आणि संशयित प्राण्यांची तपासणी या तिन्हींची सांगड घातली. नागरिकांच्या फोनवरून पथक जाई, कुत्रा ताब्यात घेई, तो मेल्यावर मेंदू तपासला जाई. त्यामुळे रोग कोणत्या वाडीत शिल्लक आहे ते दिसे आणि लसीकरण तिथे वळवता येई. कुत्र्यांतील दरमहा रुग्णसंख्या 92 टक्क्यांनी घटली आणि 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला.

कुत्र्यांपासून होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा 28 सप्टेंबर 2021 रोजी जाहीर झाला. ते उद्दिष्ट गाठले की नाही, हे नमुन्यांवरूनच ठरेल. ज्या तालुक्यातून वर्षभरात एकही नमुना गेलेला नाही, त्याच्या नोंदवहीतही रेबीजचा आकडा शून्यच असतो; पण तिथे रोग नाही असे त्यावरून म्हणता येत नाही.