मृदापरीक्षण, प्रयोगशालेय

(स्थापत्य). इमारत, धरण, कालवा अथवा सडक यांचा भार ज्या जमिनीने सोसावयाचा, किंवा जी माती स्वतःच भरावाच्या रूपाने बांधकाम होऊन उभी राहावयाची, तिचे नमुने घेऊन त्यांचा जलांश, घनता, कणरचना, पार्यता, दाबाखाली खचण्याची प्रवृत्ती आणि कर्तनबल हे गुणधर्म मोजण्याच्या पद्धतींस मृदापरीक्षण म्हणतात. पिकास पोसणारी द्रव्ये शोधणाऱ्या शेतीच्या मृदापरीक्षणाहून ते सर्वस्वी निराळे आहे. पोलाद ठराविक प्रतीचे मागविता येते. माती मात्र निसर्गाने जेथे जशी ठेवली तेथे तशीच पत्करावी लागते, आणि तिचा स्वभाव तिच्यातील पाण्यागणिक पालटतो. त्यामुळे पाण्याचा हिशेब हाच या साऱ्या परीक्षांचा कणा होय.

हा हिशेब प्रथम पद्धतशीरपणे मांडला तो आल्बर्ट आटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने. पाणी वाढत जाते तसतशी चिकणमाती घन, अर्धघन, आकार्य व द्रव अशा अवस्थांतून जाते आणि या अवस्थांच्या सीमा जलांशाच्या टक्केवारीत सांगता येतात, असे त्याने १९११ मध्ये दाखविले. पुढे कार्ल टेर्झागी यांनी मृदायामिकीचा पाया घातला आणि त्यांचे सहकारी आर्थर कासाग्रांदे यांनी १९३२ मध्ये द्रवता सीमेच्या मापनासाठी पितळी वाटीचे उपकरण प्रमाणित केले. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती पाण्यात कालवून वाटीत लिंपतात, तीत ठराविक हत्याराने खाच पाडतात आणि वाटी १० मिमी. उंचीवरून पुनःपुन्हा आपटतात. २५ ठोक्यांत खाचेचा तळ १२ मिमी. लांबीपर्यंत मिटेल तेव्हाचा जलांश ती द्रवता सीमा. आकार्यता सीमेसाठी तर यंत्रही लागत नाही. काचेवर तळहाताने मातीची शेवई वळीत जावयाची आणि ३ मिमी. जाडीला ती तडकू लागली की तिचा जलांश काढावयाचा. इतक्या साध्या कृतीतून निघालेला आकडा जगभरच्या अभियंत्यांच्या दप्तरी मान्य व्हावा, हे या शास्त्राचे मोठे यश आहे.

दख्खनच्या काळ्या मातीत या परीक्षांचे मोल विशेष जाणवते. बेसॉल्ट झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज विपुल असते. ते पाणी शोषून फुगते, वाळले की आकसते, आणि म्हणून उन्हाळ्यात भेगाळणारी तीच जमीन पावसाळ्यात वर उचलून भिंतींना तडे पाडते. तिची फुगवण अजमावण्यासाठी १० ग्रॅम कोरडी माती एका मापनपात्रात ऊर्ध्वपातित पाण्यात व तितकीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये सोडून, चोवीस तासांनी, दोहोंतील घनफळांचा फरक रॉकेलमधील घनफळाच्या टक्केवारीत सांगतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेचे माप. हा निर्देशांक ५० टक्क्यांहून अधिक भरला, तर ती माती सडकेच्या भरावास सामान्यतः नाकारतात.

जलांशासाठी नमुना १०५ ते ११० अंश सेल्सिअस उष्णतेत वाळवतात. सीमांच्या परीक्षेसाठी मात्र माती हवेतच वाळवावी, कारण जांभ्यासारख्या उष्णकटिबंधीय मातीचे गुणधर्म भट्टीत कायमचे बदलू शकतात.

इमारतीच्या पायासाठी दृढीकरणाची, म्हणजे भाराखाली पाणी निचरून माती दबण्याची, परीक्षा सर्वांत महत्त्वाची. सुमारे २० मिमी. जाडीची मातीची चकती कड्यात बसवून, वरखाली सच्छिद्र दगड ठेवून, तिच्यावर पायरीपायरीने भार चढवितात आणि दरेक भाराखाली ती किती व किती काळात दबते ते टिपतात. निचऱ्यास लागणारा काळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने, चकती जितक्या प्रमाणात एका तासात दबते तितक्याच प्रमाणात दोन्ही बाजूंनी निचरा होणारा ४ मीटर जाडीचा थर दबावयास ४०,००० तास, म्हणजे सुमारे साडेचार वर्षे लागतात. कर्तनबलासाठी साधी कर्तनपेटी आणि, निचऱ्यावर ताबा ठेवावयाचा असल्यास, त्रिअक्षीय यंत्र वापरतात. भराव कुटण्यास योग्य जलांश प्रॉक्टर यांच्या १९३३ च्या पद्धतीने ठरतो.

या परीक्षांत चूक बहुधा यंत्रात नसते, नमुन्यात असते. पातळ नळीने अलगद काढून, दोन्ही तोंडे मेणाने बंद करून, हिसके न बसता आणलेला नमुनाच दृढीकरणास व कर्तनबलास लायक. उकरलेली ढेकळे गोणीत भरून पाठविली, तर त्यांवरून सीमा व कणरचना कळेल, पण जमिनीचे बळ कळणार नाही. अशा ढेकळांवरून काढलेला बळाचा आकडा तसाच आराखड्यात गेला, तर पायाचा सारा हिशेब खोट्या आकड्यावर उभा राहतो.

फुगणाऱ्या मातीवर उपाय शोधण्याचे कार्यही प्रयोगशाळेतच झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. के. कट्टी यांनी, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण संसक्तिशील मातीचा पुरेसा जाड थर दाबून घातला असता तिची उचल आवरते, असे प्रयोगांनी दाखविले; काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली हा थर आजही घालतात.