झोपेची साथ

‘अवेकनिंग्ज’ हा १९९० चा सिनेमा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, ही आपली लेखकाची कल्पना. नंतर कळलं, अशी साथ खरोखर येऊन गेली होती.

१९१६-१७ चा हिवाळा. पहिलं महायुद्ध चालू. व्हिएन्नात डॉ. कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो यांच्याकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. जेवता जेवता, तोंडात घास असतानाच झोपायचे. हलवून उठवलं की नीट उत्तर द्यायचे, आणि पुन्हा झोप! त्यांनी १९१७ मध्ये या आजाराला नाव दिलं, ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’. म्हणजे मेंदूला सूज आणि त्यामुळे सुस्ती. आफ्रिकेत त्से-त्से माशीमुळे होतो तो निद्रारोग वेगळा बरं का.

गंमत म्हणजे काहींचं उलटं झालं, त्यांना झोपच येईना. मग इकोनोमोंनी दगावलेल्यांचे मेंदू तपासले. झोपाळूंच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला, झोप उडालेल्यांचा पुढचा. म्हणजे जागं ठेवणारी जागा एक, झोपवणारी दुसरी. झोप म्हणजे नुसता मेंदूचा आराम नाही, तर ते मेंदूचं एक कामच आहे, हे या रुग्णांमुळे कळलं.

१९२० चं दशक सरता सरता साथ ओसरली. पण वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे पार्किन्सनसारखा आजार जडला. काही तर पुतळ्यासारखे बसून राहिले, दशकानुदशकं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या रुग्णालयात डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांना एल-डोपा दिलं. माणसं चालली, बोलली, हसली! पण अनेकांना औषधाचाच त्रास सुरू झाला, आणि मिळालेलं पुन्हा हातचं गेलं.

साथ कशामुळे आली, ते आजही ठरलेलं नाही. १९१८ च्या फ्लूवर संशय होता, पण इकोनोमोंचे पहिले रुग्ण त्याच्या आधीचे.

मला राहून राहून एकच वाटतं. साथ संपली की आपण दोनच आकडे मांडतो, किती गेले, किती वाचले. ब्रॉन्क्समधली ती माणसं ‘वाचले’ या रकान्यात होती. चाळीस वर्षं त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.