बस्तीबाहेर ठेवलेला कॅमेरा

मळखेडला नेमिनाथांच्या बस्तीत शिरताना आमची आत्या कॅमेरा बाहेर ठेवायची. कॅमेऱ्याला तपकिरी चामड्याची केस होती, पट्टाही चामड्याचा. चपला, पाकिटं, कमरेचे पट्टे जिथं काढून ठेवायचे, तिथंच त्याची जागा. त्यामुळे आत्याच्या अल्बममध्ये कागिणा नदी आहे, राष्ट्रकूटांच्या राजधानीचा पडका कोट आहे, बस्तीच्या पायरीवर बसलेल्या आमच्या आजीचे तर चार फोटो आहेत. आतलं मात्र काहीच नाही. ९६ जिनप्रतिमांचं ते पंचधातूचं मंदिर नाही, कोरीव खांब नाहीत.

आत्या आळंदला शाळेत मास्तरीण. १९७४ साली मुंबईच्या काकांनी फोर्टातून कुणाचा तरी वापरलेला असाही पेंटॅक्स आणून दिला, ५५ मिलिमीटरच्या टाकुमार भिंगाचा. सैतवाळ घरातली बाई गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नात फिरते याचं पुष्कळांना नवल वाटे. बायका मात्र तिच्यापुढं मोकळ्या बसायच्या. आमच्या घरातल्या बायकांचे हसरे फोटो आहेत ते तिच्याच हातचे. तिचा स्वतःचा एकही नाही, ते ओघानं आलंच.

पुढं तिनं चामड्याची केस माळ्यावर टाकली, खणाची पिशवी शिवली, सुती पट्टा लावला. येत्या यात्रेला पुजाऱ्यांना विचारून आतला फोटो घ्यायचा असं ठरवलं. त्याच वर्षी, १९८६ मध्ये, रसायनशास्त्र शिकणारा एक चुलतभाऊ जेवताना सहज बोलून गेला, "आत्या, केस काढलीस खरी, पण फिल्मवर जिलेटिन असतं. हाडांचं, कातड्याचं." आत्यानं कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. आम्हाला वाटत राहिलं, बिघडला असेल. काही जण म्हणाले, वय झालं, आता कुठं हौस! तेव्हा ती ४६ वर्षांची होती.

मागच्या वर्षी भालकीचा वाडा आवरताना ती खणाची पिशवी हाती लागली. शटरचा पडदा चिकटून बसलेला. भिंग मात्र स्वच्छ, जरासं पिवळट. बुरशी नव्हती, कारण आत्यानं डब्यात तुरटीच्या खड्यासारख्या दिसणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या होत्या. चातुर्मासात पापड-लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून आपण जपतो, तेच इथं. आली तर मारावी लागते, म्हणून येऊच द्यायची नाही.

फिल्मबद्दल चुलतभाऊ बोलला ते खरं होतं, आणि ही गोष्ट फिल्मच्याही आधीची आहे. आपल्या समाजात थोड्यांना ठाऊक असेल, हिंदुस्थानातले त्या काळचे सर्वांत नावाजलेले छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे जैन. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरला नोकरीला लागले, तिथं कॅमेरा हाती आला, आणि पुढं सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९४ मध्ये निजामानं त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा त्याच निजामाच्या मुलखात. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. आत पुरुषाला प्रवेश नव्हता. केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सगळा कारभार होता. पडद्यातल्या बाईनं आपला फोटो काढून घ्यायचा तर फोटो काढणारीही बाईच हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? मी वेगळं काय करत होते?"

आता दुसरी बाजू. दीनदयाळांचे कितीतरी छाप अल्ब्युमिन कागदावरचे आहेत. अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातलं पांढरं. कागदावर त्याचा थर द्यायचा, त्यावर चांदीचा क्षार. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर या कागदासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या एका कारखान्यात १८८८ च्या सुमारास रोज ६०,००० अंडी फुटत. काचेची प्लेट पूर्वी कोलोडियननं ओली करत, त्यात प्राणिज काही नव्हतं. पण १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि हळूहळू सगळं जग जिलेटिनवर गेलं. उटीला सरकारी कारखान्यात बनणारा 'इंदू' रोल असो की परदेशी रोल, थर जिलेटिनचाच. म्हणजे फोटोग्राफीची शंभरावर वर्षं आपल्या दृष्टीनं पाहायची तर आधी अंडं, मग हाड.

भिंगात मात्र यातलं काही नाही. काच आणि धातू. काचा एकमेकींना चिकटवायला जुने कारागीर कॅनडा बाल्सम वापरत, तो झाडाचा डिंक. मग माझ्या मनात आलं, भिंग तेवढं ठेवावं आणि मागचा कॅमेरा फिल्म नसलेला, आजचा लावावा.

दीनदयाळांच्या काळी हे सोपं होतं. लाकडी कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीला भोक पाडायचं, भिंगाबरोबर आलेली पितळी कडी स्क्रूनं बसवायची, भिंग तिच्यात फिरवून घट्ट करायचं. दुसरं भिंग, दुसरी फळी. पुढं कॅमेरे धातूचे झाले आणि ज्यानं त्यानं आपापलं तोंड वेगळं केलं. आत्याच्या भिंगाला मागं आटे आहेत, बरणीच्या झाकणाला असतात तसे. हे आटेही ड्रेस्डेनचेच, अंड्यांच्या कागदाच्या गावचे! झाइस आयकॉन कंपनीनं तिथं १९४९ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्याला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे दिले. पूर्व जर्मनीनं, रशियानं, जपाननं तेच उचलले. पेंटॅक्सनं १९५७ मध्ये घेतले आणि १९७५ ला सोडून दिले. तोवर या मापाची इतकी भिंगं बनली की आजही जुन्या बाजारात तीच जास्त सापडतात.

माझ्या भाच्याकडे निकॉनचा जुना कॅमेरा होता. टपालानं ४२ ची रिंग मागवली. घरातल्या जास्वंदीचा फोटो असा आला की काय सांगू! मग बिदरच्या किल्ल्यावर गेलो, आणि सगळं धूसर. किल्ला धूसर, महमूद गवाँचा मदरसा धूसर. भिंग बाद झालं असं धरून मी आठवडाभर खट्टू होते.

कारण एका वजाबाकीत होतं. (मळखेडच्याच राज्यात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, आणि मला वजाबाकी सुचायला आठवडा लागला.) भिंग जिथं टेकतं तिथून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेऱ्याचं ठरलेलं असतं. आत्याच्या पेंटॅक्समध्ये ते ४५.४६ मिलिमीटर, भाच्याच्या निकॉनमध्ये ४६.५. म्हणजे भिंग मिलिमीटरभर पुढं राहिलं. एवढ्याशा फरकानं ५५ च्या भिंगाला तीन मीटरच्या पलीकडचं काही स्पष्ट दिसत नाही. जुन्या भिंगाचं अंतर मोठं आणि नव्या कॅमेऱ्याचं लहान, तरच मधला फरक रिंगनं भरून काढता येतो. उलटं असेल तर रिंगमध्ये आणखी एक काच घालून विकतात, पण ती चित्र बिघडवते. घेऊ नये.

सूनबाईच्या सोनीत आरसा नाही, त्यामुळे अंतर फक्त १८. तिथं २७.४६ मिलिमीटर जाडीची रिंग लागते. मागवली. अर्धा फेर फिरली आणि अडली. जोर लावणार तेवढ्यात सूनबाईनं हात धरला, "अहो आई, आटे जातील!" कलबुर्गीत सुपर मार्केटजवळ एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी मापून दोन्हीकडे ४२ दाखवलं आणि म्हणाले, "अम्मा, चौडाई एक है, चूडी अलग है." आमच्या भिंगाच्या दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर, आलेल्या रिंगच्या आट्यांत पाऊण. ती टी-माउंट नावाची, दुर्बिणीवर चालणारी जात. विकणाऱ्यानं नुसतं ४२ लिहिलं होतं. तेव्हा बायांनो, मागवताना ४२ गुणिले १ असं लिहिलेलंच घ्या. ३९ ची जुनी भिंगंही असतात, ती निराळी.

बाकीचं सामान त्या मानानं सोपं. पुढच्या फिल्टरचं माप ४९. ५२ चा फिल्टर असेल तर दहा मिनिटांत वाढवणारी रिंग मिळते. भिंगाच्या बाजूला ऑटो-मॅन्युअलची छोटी खिट्टी आहे, ती मॅन्युअलवर ठेवायची, नाही तर पाकळ्या मिटत नाहीत. सोनीच्या मेनूत 'लेन्स नसतानाही फोटो घे' हे चालू करावं लागतं, कारण त्याला हे भिंग भिंग वाटतच नाही. आत्याचा जुना फ्लॅश मात्र मी लावू दिला नाही. तसल्या फ्लॅशच्या तारेत दोनशेवर व्होल्ट असू शकतात, नवा कॅमेरा जळून जातो. पिवळटपणा थोरियम घातलेल्या काचेचा. तेव्हाच्या काही भिंगांत तो असे. पंधरा दिवस पापडांशेजारी उन्हात ठेवलं, बराच उतरला.

मग ते सगळं आत्यापुढं नेलं. ती आता पंच्याऐंशीची. तिनं पहिल्यांदा पट्टा चाचपला. सुती. मग विचारलं, "फिल्म?" नाही म्हटलं. मागच्या पडद्याकडे तिनं बघितलं नाही. डोळा छिद्राला लावला, डाव्या हाताची बोटं भिंगाच्या कडीवर गेली आणि आपोआप फिरू लागली. माझ्या चेहऱ्यावर नेमकं थांबली.

कार्तिकात मळखेडला गेलो. पुजाऱ्यांना विचारलं, ते हो म्हणाले. आत उजेड कमी, तिचा हात थोडा हलतो, म्हणून तिनं खांबाला पाठ टेकून फोटो घेतले. नऊ घेतले. सहा चांगले आहेत.

येताना गाडीत म्हणाली, "छापणार कशावर?" हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. स्टुडिओत यंत्रावर जो चकचकीत फोटो निघतो, त्या कागदावरही जिलेटिनचा थर असतो. मग साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर शाईनं छापून घेतले. रंग जरा बसके आलेत. तिला आवडले.

राहता राहिला जुन्या पेंटॅक्समधला रोल. १९८६ पासून तो तसाच आत आहे, १४ फोटो काढलेला. शेवटचे दोन-तीन आजीचे असावेत असं आत्या म्हणते. आजी त्याच साली गेली. मी म्हटलं, "धुवून घेऊ या, जिलेटिन काय, आता नव्यानं तर लागत नाही." ती काही बोलली नाही. कॅमेरा परत खणाच्या पिशवीत घालून स्वतःच्या कपाटात ठेवला.

परवा फोनवर, दुसरंच काही बोलता बोलता, तिनं विचारलं, "कलबुर्गीचे ते दुरुस्तीवाले, ते रोल धुतात का गं अजून?"