अशोकाचा धातुशोध

अशोकाचा धातुशोध ही ‘अशोकावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातील आख्यायिका आहे. तीनुसार, क्रूरतेमुळे ‘चंडाशोक’ म्हटला गेलेला मौर्य सम्राट अशोक धर्मांतरानंतर बुद्धाचे धातू, म्हणजे पवित्र शरीरावशेष, मिळवण्यासाठी जुने स्तूप उघडतो. रामग्रामचे धातू मात्र नाग पूजेसाठी राखून ठेवतात. उर्वरित धातूंवर तो ८४,००० स्तूप उभारतो. अशोकाच्या शिलालेखांत कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप आहे. या ८४,००० स्तूपांचा उल्लेख नाही.

पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. तेथील स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. त्यांसोबतचे यज्ञश्री सातकर्णीचे नाणे मात्र अशोकानंतर सुमारे चार शतकांनंतरचे आहे.